आगरझरी, मोहर्ली आणि ताडोब्याचं बफर : पर्यटनातून गावाच्या हाती काय लागतं?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किमी. त्याभोवती 2010 मध्ये सुमारे 1,100 चौरस किमीचं बफर जाहीर झालं. गाभ्यात मंगळवारी सफारी नसते, 1 जुलै ते 30 सप्टेंबर गेट बंद. बफरात मात्र शेती, गुरं, माणसं आणि वाघ एकाच जागी. म्हणून गावाला धरून चालणारं पर्यटन इथंच जास्त गरजेचं.

चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावरचं आगरझरी याचं चांगलं उदाहरण. इरई धरणाच्या फुगवट्यावर बोटिंग, शेजारी फुलपाखरू उद्यान, आणि कामाला गावातलीच पोरं. अशी कामं ग्राम परिस्थितीकी विकास समितीमार्फत चालतात. गाईड आणि जिप्सीचालक बहुतेक आसपासच्या गावांतले. महिला गाईडही आहेत. आधी ज्या घरात तेंदूपत्ता आणि मोहफूल हाच उन्हाळ्याचा पैसा होता, तिथं आता फेरीमागे रोख मिळते. मोठे रिसॉर्ट मात्र बाहेरच्या भांडवलाचे. तिथं गावकऱ्याला चौकीदारी नाहीतर झाडलोट, हा फरक पर्यटकानं बुकिंग करतानाच ध्यानात घ्यावा.

आता दुसरी बाजू. जिप्सी सगळ्यांकडे नसते. ज्याच्या धानात रानडुक्कर अन् रोही शिरतात, ज्याची गाय वाघानं नेली, त्याला सफारीचा फायदा थेट होत नाही, जागल मात्र त्यालाच करावी लागते. उन्हाळ्यात पहाटे मोहफूल वेचायला वाकलेल्या माणसावर हल्ले होतात. माणूस दगावला तर शासन 25 लाख रुपये देतं, पण घरचा कर्ता माणूस त्यानं परत येत नाही.

याच कारणानं 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बफर गावांना गॅस जोडणी, सौर कुंपण अशी मदत सुरू झाली. घरी गॅस आला की सरपणासाठी जंगलात जाणं कमी होतं, आणि वाघाशी गाठही.

गुरं मारली गेल्यास जनावर हलवू नये, वनरक्षकाला लगेच कळवावं. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.