विश्वास जुळला तरच मदत

मारझोड सोसणाऱ्या आईला तक्रारीपूर्वी तीन प्रश्न छळतात. मुले आपल्याकडे राहतील का? राहते घर सुटेल का? सांगितलेली गोष्ट सासरी कळेल का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती समाजसेविकेपुढेही मोकळी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातील महिलांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्के महिलांनी कोणालाही काही सांगितले नाही.

फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर, कारखान्यांचे अंबरनाथ आणि नोकरदारांचे बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील सलग शहरे. येथे सिंधी, मराठी, हिंदी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. स्त्रीला ज्या भाषेत दुःख सांगता येते, त्या भाषेत ते ऐकून घेणे ही विश्वासाची पहिली पायरी होय.

महाराष्ट्राचा अनुभव
टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कक्ष पोलिसांच्या आवारात. मात्र तेथे बसणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. पोलिसांचा वचक आणि समुपदेशकाचा धीर एकाच ठिकाणी मिळावा, हा त्यामागील विचार. पुढे २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. औषधोपचारासाठी आलेल्या महिलेला तेथेच समुपदेशन मिळू लागले.

कायदा काय सांगतो?
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पतीला तुरुंगात न धाडताही या कायद्यान्वये संरक्षण, निवास व निर्वाहखर्चाचे आदेश मिळू शकतात. कलम २१ नुसार मुलांचा तात्पुरता ताबा आईला देता येतो. कलम १७ सामायिक घरात राहण्याचा हक्क देते. घर सासऱ्यांच्या नावे असले तरी तो हक्क मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. माहेरी आश्रय घेतलेली महिला तेथील न्यायालयातही अर्ज करू शकते. सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने घटनेचा अहवाल महिलेची इच्छा असेल तरच नोंदवावा, असे कलम १० सांगते. निर्णय तिच्या हाती ठेवणारी ही तरतूद विश्वासाचा पाया ठरते.

गुप्ततेची मर्यादा
गुप्ततेचे सरसकट आश्वासन मात्र देता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ही बाब आईला प्रारंभीच सांगितली पाहिजे. नंतर कळल्यास तिला फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि ती पुन्हा फिरकत नाही. 'मुलांसाठी सोसा' हा सल्लाही असाच घातक. समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास कायद्याचे नियम पतीला मनाई करतात. समुपदेशकानेही ते करता कामा नये.

घरी दूरध्वनी करण्यापूर्वी सुरक्षित वेळ विचारणे, दिलेली तारीख पाळणे आणि न झेपणारे वचन न देणे, या साध्या गोष्टींवरच पुढची भेट अवलंबून असते.

मदतीसाठी : महिला हेल्पलाइन १८१, आपत्कालीन सेवा ११२, चाइल्डलाइन १०९८.