चाळ : मालकाची गुंतवणूक, भाडेकरूचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या वाढल्या, तशी मुंबईत माणसांची दाटी झाली. गाठीशी पैसा असलेल्यांनी गिरगाव-परळात जागा घेऊन चाळी बांधल्या. खोल्यांचे भाडे म्हणजे दरमहाचे हक्काचे उत्पन्न.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हे गणित मोडले. जुन्या घरांचे प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठले. भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर वाचले. पण ते शाकारण्याचा खर्च त्या भाड्यातून निघेना. मालकाने डागडुजीतून अंग काढले, पागडी मात्र फोफावली.

अखेर १९६९ मध्ये मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी सरकारला कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि त्या खर्चापोटी उपकर बसला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा मुंबईकरांच्या परिचयाचा शब्द तेथून आला.