रातांधळेपणा आणि उद्धरणांचा हिशेब

विद्वानाच्या कार्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न जुनाच आहे. विसाव्या शतकाने त्याचे उत्तर आकड्यांत देण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील उद्धरणांची सूची प्रचारात आणली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी व किती वेळा केला, हे तीवरून कळू लागले. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी या मोजणीतून एक अंक काढला. ज्याचे ४० निबंध प्रत्येकी निदान ४० वेळा उद्धृत झाले, त्याचा अंक ४०. पुढे नेमणुका आणि बढत्यांच्या वेळीही हा अंक पाहण्याचा प्रघात पडला. असा अंक काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आल्फ्रेड सॉमर या नेत्रवैद्याच्या संशोधनाच्या इतिहासावरून चांगले उमगते.

१९४२ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेले सॉमर इंडोनेशियात गेले, ते बालकांच्या अंधत्वाचा अभ्यास करण्यासाठी. आहारात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे मुलाला प्रथम रातांधळेपणा येतो. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसू लागतात. आणि उणीव फारच वाढली तर बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते. तेथील खेडुतांना हा विकार पूर्वीपासून ठाऊक होता. तिन्हीसांजा झाल्या की कोंबडी चाचपडू लागते. म्हणून ते त्याला ‘बुता आयाम’, म्हणजे कोंबडीचे आंधळेपण, असे म्हणत. आयांच्या या साध्या सांगण्यावरही रोगनिदानासाठी विसंबता येते, असे सॉमर यांनी दाखवून दिले.

जावा बेटावरील सहा खेड्यांत सरासरी ३,४८१ बालकांची तपासणी दर तीन महिन्यांनी, अशी अठरा महिने चालली. हिशेब मांडताना एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. रातांधळेपणा किंवा डाग असलेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण निरोगी डोळ्यांच्या मुलांच्या सरासरी चौपट होते. डोळ्यांचा तो सौम्य विकार जिवावरच्या संकटाची खूण होता. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पण वैद्यकविश्वाने त्याची फारशी दखल घेतली नाही. अशी मुले बहुधा गरिबाघरची असतात; ती दारिद्र्याने दगावली की जीवनसत्त्वाच्या अभावी, ही शंका वाजवीच होती.

तिचे निरसन प्रयोगानेच होणार होते. सुमात्राच्या उत्तरेकडील आचे भागात ४५० खेडी निवडून, केवळ दैवगतीने, २२९ खेड्यांतील मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या; उरलेल्या खेड्यांना त्या वर्षभर दिल्या नव्हत्या. १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गोळ्या मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते.

भारताने १९७० सालीच अंधत्व टाळण्यासाठी बालकांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याची योजना सुरू केली होती. आता प्रश्न डोळ्यांचा न राहता प्राणांचा झाला. १९९० साली तमिळनाडूत दर आठवड्याला लहान मात्रा देऊन केलेल्या प्रयोगात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना मात्र सहामाही मोठ्या मात्रेने मृत्युसंख्येत फरक पडलेला आढळला नाही. १९९३ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा घट सुमारे २३ टक्के भरली. १९९७ साली सॉमर यांना लास्कर पारितोषिक मिळाले. तरी वाद मिटला नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लक्ष बालकांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घट अवघी ४ टक्के आढळली. तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. त्याच्या अंमलबजावणीवर सॉमर व इतरांनी आक्षेप घेतले.

हा सारा वाद उद्धरणांच्या सूचीत कसा उमटतो? पाठिंबा देणारा निबंध मूळ लेखनाचा उल्लेख करतो, आणि खंडन करणाराही करतो. वहीत दोन्ही उल्लेख जमेच्याच बाजूला पडतात. १९८३ साली निबंधाभोवती शांतता होती, म्हणून त्यातील निरीक्षण खोटे नव्हते. पुढे उल्लेखांची रास पडली, म्हणून ते अधिक खरे झाले असेही नाही. ते तपासले गेले ते खेडोपाडी, घरोघर जाऊन केलेल्या गणतीने. हैदराबादचा प्रतिकूल निष्कर्षही त्या तपासणीचाच भाग होता; तो दडपला गेला नाही, हीच शास्त्राची शिस्त होय.

उद्धरणांचा अंक एवढेच सांगतो की, लोकांनी विद्वानाचे म्हणणे ऐकले. ते म्हणणे खरे किती, हे पाहण्यासाठी सॉमर यांनी केले तेच करावे लागते: संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलाच्या आईला विचारावे, आणि तीन महिन्यांनी त्याच दारी परत जावे.