मागचा एक पाटा
‘मागचा एक पाटा काढून टाक, गाडी मऊ चालेल.’ प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीला हा उपाय स्वस्तातला वाटतो. पूर्वी कुर्ल्यात बनणारी ही गाडी मुळात फियाट ११००. पद्मिनी हे नाव १९७४ सालचं. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे मात्र घोडागाडीच्या काळापासून चालत आलेले पोलादी पाटे.

पाट्यांचा ताठपणा भरलेल्या गाडीच्या हिशोबाने ठरतो. म्हणून एकटा माणूस बसला की मागची बाजू उसळते. एक पाटा काढला की उसळी कमी होते, पण त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. मग धानोऱ्याहून गडचिरोलीला एक रुग्ण आणि तीन नातेवाईक घेऊन निघालं, की खड्ड्यात अ‍ॅक्सल वर जाऊन आपटतो. पाटा तुटलाच, तर गाडी जंगलात अडकते.

सित्रोएनच्या पिएर बुलांजे यांना नांगरलेल्या शेतातून अंडी न फुटता नेणारी गाडी हवी होती. १९४८ साली लोकांसमोर आलेल्या टू सीव्हीत स्प्रिंग मऊ होत्याच, शिवाय चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा ठेवली होती. पाटा काढून ती जागा वाढत नाही. त्यापेक्षा आधी टायरमधली हवा आणि थकलेले शॉकअप बघावेत.