धूळ, रस्ता आणि श्वास : पाटण–सांगली परिसराच्या संदर्भात

नगरांतील वायुदूषणाचा इतिहास बहुधा धुराचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवासंबंधी कायदा झाला. त्याचा रोख भट्ट्यांतून निघणाऱ्या धुरावर होता. रस्त्यावरून उठणारी माती त्याच्या कक्षेत येत नव्हती. धूर हे मनुष्याचे कृत्य आणि धूळ हा ऋतूचा धर्म, असा भेद त्या काळच्या विचारात गृहीत धरलेला दिसतो. सातारा–सांगली परिसराच्या इतिहासात हा भेद कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोयना व केरा यांच्या संगमावर वसलेले पाटण हे कऱ्हाडाहून कुंभार्ली घाटाने चिपळुणास जाणाऱ्या मार्गावरील गाव होय. येथे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ हा क्रम इतका नियमित आहे की, धूळ निसर्गाचीच वाटावी. परंतु ती कशी उत्पन्न होते हे पाहिले असता निराळे चित्र दिसते. खडी व मुरूम पाण्याने दाबून केलेल्या जुन्या रस्त्यांवर बैलगाड्यांच्या लोखंडी धावा खडीचे पीठ करीत. पुढे मोटारीची रबरी चाके आली आणि खडीस बांधून ठेवणारा बारीक अंश ती उचलून हवेत फेकू लागली. युरोपातही हीच अडचण उद्भवली होती. १९०२ साली मोनाको येथे रस्त्यावर डांबर पसरण्याचा प्रयोग धुळीच्या निवारणार्थ झाला आणि त्याचे प्रवर्तक डॉ. गुल्येल्मिनेत्ती हे वैद्य होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. आपल्याकडे मोटारींस योग्य अशा रस्त्यांचा विचार १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीने केला. तथापि त्यात वाहतूक व द्रव्यबळ हेच प्रश्न प्रमुख होते. १९५४ च्या सुमारास कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले, तेव्हा पाटणच्या खोऱ्यात अवजड वाहतूकही आली.

याच परिसरात हवेचा विचार वैद्यकाने मात्र गंभीरपणे केला होता. पाचगणी येथे १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापिले. सांगली–मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीचे आरोग्यधाम १९२० मध्ये निघाले. विश्रांती, सकस आहार आणि निर्मळ हवा हेच तेव्हाचे उपचार होते. पुढे क्षयावर गुणकारी औषधे निघाली. दाट वस्तीतील घरी राहून औषध घेणारे रोगीही आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात, असे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ साली दाखविले. ही प्रगती निःसंशय मोठी होती. परंतु तिच्याबरोबर स्वच्छ हवेचा कैवार घेणारा एक समर्थ पक्ष मागे सरला, असे म्हणावे लागते.

श्वसनाचा प्रश्न मात्र संपला नव्हता. धुळीचे मोठे कण नाक व घसा अडवितात. १० मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकांत जातात आणि २.५ मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका अल्प असते. त्यामुळे गारगोटीच्या खाणींत आढळणाऱ्या सिलिकोसिसचे भय येथील मातीत तुलनेने कमी. तथापि दमा व जुनाट खोकला असणाऱ्यांचा त्रास धुळीने वाढतो आणि रस्त्यावरील मातीत काजळी व झिजलेल्या चाकांचे कणही मिसळलेले असतात.

१९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्याने धुरासमवेत हवेत तरंगणारे कणही विचारात घेतले. १९९४ च्या मानकांत १० मायक्रॉनखालील कणांची गणना स्वतंत्र झाली; २००९ मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा प्रतिघनमीटर ६० मायक्रोग्रॅम राखून एकूण धुळीचे जुने माप वगळण्यात आले. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि मानके न गाठणाऱ्या शहरांत सांगलीचे नाव आले. ज्या परिसरात रोगी हवेसाठी आणले जात, त्याचीच ही गत व्हावी, हा केवळ दैवयोग नव्हे. धुळीस निसर्गाच्या पदरात टाकून शासन, अभियंते व वैद्यक यांनी आपापल्या परीने तिच्याकडे पाठ फिरविली, त्याचे हे फलित होय.

पाटण त्या यादीत नाही. परंतु ती यादी जेथे हवेची नियमित मोजणी होत होती अशाच शहरांतून झालेली आहे. नाव नसणे हा हवा निर्मळ असल्याचा पुरावा नव्हे. लहान गावांच्या धुळीचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने म्हणून केवळ आकड्यांवर न विसंबता रस्त्यांचे दप्तर व रुग्णालयांच्या नोंदी एकत्र वाचणे अगत्याचे आहे.