मोटारगाडीतील कृत्रिम इंजिनध्वनी

कृत्रिम इंजिनध्वनी म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनाचा मूळ आवाज वाढविण्यासाठी, त्याचे रूप पालटण्यासाठी किंवा इंजिनच नसलेल्या विद्युत मोटारीस आवाज देण्यासाठी यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक साधनांनी निर्माण केलेला ध्वनी होय. आधुनिक गाड्यांत हा ध्वनी बहुधा 'ड्राइव्ह मोड' या सुविधेशी जोडलेला असतो. चालकाने 'स्पोर्ट' मोड निवडला की गाडीच्या प्रतिसादाबरोबर तिचा आवाजही बदलतो.

या ध्वनीचे दोन प्रकार आहेत. गाडीच्या आत ऐकू येणारा ध्वनी चालकाच्या अनुभवासाठी असून तो ऐच्छिक असतो. गाडीच्या बाहेर ऐकू येणारा ध्वनी पादचाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीन व्यक्तींना, गाडीची चाहूल लागावी म्हणून असतो व अनेक देशांत तो कायद्याने बंधनकारक आहे. दोन्ही ध्वनी बहुतेक वेळा स्पीकरमधूनच येतात. तथापि त्यांचे हेतू, त्यांना लागू होणारे नियम आणि त्यांवर घेतले जाणारे आक्षेप वेगवेगळे आहेत.

इंजिनाचा नैसर्गिक आवाज

पेट्रोल वा डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन ठरावीक अंतराने होते. प्रत्येक ज्वलनामुळे दाबाची एक लाट निर्माण होते व ती एक्झॉस्ट नळी, हवा आत घेणारा मार्ग आणि इंजिनाचा सांगाडा यांतून आवाजाच्या रूपाने बाहेर पडते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. त्यामुळे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १००, सहा सिलिंडरच्या इंजिनात १५० आणि आठ सिलिंडरच्या इंजिनात २०० ज्वलने होतात. आवाजाची मूळ वारंवारताही अनुक्रमे तितकेच हर्ट्झ असते. सिलिंडरांची संख्या, त्यांची मांडणी व ज्वलनाचा क्रम यांनुसार या मूळ वारंवारतेच्या जोडीला इतर वारंवारता मिसळतात आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा वेगळा आवाज लाभतो.

हा आवाज चालकाला माहितीही पुरवितो. इंजिनावर किती भार आहे, गिअर केव्हा बदलावा आणि वेग किती वाढला आहे, याचा अंदाज अनुभवी चालक फेरेमापकाकडे न पाहता आवाजावरून बांधतो.

कृत्रिम ध्वनीची कारणे

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारींचा आवाज अनेक कारणांनी क्षीण झाला. इंधनाची बचत व्हावी म्हणून उत्पादकांनी मोठ्या इंजिनांच्या जागी कमी सिलिंडरची, टर्बोचार्जर असलेली लहान इंजिने बसविली. टर्बोचार्जरची चक्री एक्झॉस्टच्या प्रवाहाने फिरत असल्यामुळे दाबाच्या लाटा तेथेच बऱ्याच अंशी शमतात. गाडीच्या आतील भागात आवाजरोधक आवरणे व जाड काचा आल्या. काही गाड्यांत नको असलेल्या आवाजाच्या विरुद्ध कलेची ध्वनिलहर स्पीकरमधून सोडून तो आवाज शमविला जाऊ लागला. विरुद्ध लहरीने आवाज शमविण्याच्या या कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग यांना अमेरिकेत १९३६ साली मिळाले होते.

याशिवाय बाहेरील आवाजावरील मर्यादा कडक झाल्या. युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या नियमनाने सर्वसाधारण मोटारींसाठी आवाजाची कमाल मर्यादा ७२ डेसिबल, त्यानंतर ७० आणि शेवटी ६८ डेसिबल अशी टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचे ठरविले. अशा स्थितीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न देता चालकाला मात्र जोरकस आवाज ऐकू यावा, यासाठी तो गाडीच्या आतच निर्माण करणे उत्पादकांना सोयीचे ठरले.

निर्मितीच्या पद्धती

यांत्रिक पद्धत : या पद्धतीत इंजिनाचा खरा आवाज नळीवाटे चालकापर्यंत पोहोचविला जातो. हवा आत घेणाऱ्या मार्गातील स्पंदने एका पातळ पडद्यावर आदळतात आणि तेथून ती नळीने गाडीच्या आतील भागात येतात. लेक्सस एलएफए या मोटारीच्या आवाजाची रचना वाद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने करण्यात आली होती. दहा सिलिंडरच्या या इंजिनाचा आवाज आत आणण्यासाठी स्वतंत्र मार्ग ठेवले होते. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या काळात या मोटारीचे ५०० नग तयार झाले.

कंपकाची पद्धत : येथे विजेवर चालणारा कंपक गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत तो समोरच्या काचेच्या तळाशी बसविलेला असतो. त्याच्या कंपनाने काच व आसपासचे भाग थरथरतात आणि आवाज इंजिनाच्या दिशेने आल्याचा भास होतो.

स्पीकरची पद्धत : इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटरची स्थिती ही माहिती गाडीतील संगणक क्षणोक्षणी वाचतो. तिच्या आधारे पूर्वमुद्रित अथवा गणिताने रचलेला ध्वनी निवडून तो संगीतासाठी असलेल्या स्पीकरमधूनच ऐकवितो. २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ या मोटारीत ही पद्धत वापरल्यामुळे मोटारप्रेमींत मोठी चर्चा झाली. २०१५ च्या फोर्ड मस्टँगच्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठीही तिचा वापर करण्यात आला.

ड्राइव्ह मोड

एकाच गाडीला वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळा स्वभाव देणारी नियंत्रणव्यवस्था म्हणजे ड्राइव्ह मोड होय. ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांना जोडणारी लोखंडी तार जाऊन तिच्या जागी विद्युत संदेश आल्यामुळे ही व्यवस्था शक्य झाली. पेडल किती दाबले म्हणजे इंजिनाने किती जोर द्यावा, हे आता संगणक ठरवितो. २००४ साली लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये वाळू, चिखल, बर्फ, खडक अशा भूभागांनुसार मोड निवडणारी व्यवस्था आली. त्याच वर्षी फेरारी एफ४३० च्या चालनचक्रावर मोड बदलणारी लहान कळ देण्यात आली. त्यानंतर ही सुविधा हळूहळू सामान्य मोटारींपर्यंत पोहोचली.

मोड बदलल्यावर साधारणतः पुढील गोष्टी बदलतात :

• ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद. 'इको' मोडमध्ये तो मंद, तर 'स्पोर्ट' मोडमध्ये तीव्र असतो.
• स्वयंचलित गिअरबॉक्सची गिअर बदलण्याची वेळ. स्पोर्ट मोडमध्ये खालचा गिअर अधिक काळ टिकतो.
• स्टिअरिंगचा जडपणा आणि तशी सोय असल्यास सस्पेन्शनचा ताठपणा.
• चाके घसरू न देणाऱ्या व्यवस्थेचा हस्तक्षेप.
• वातानुकूलन यंत्राचा वीजवापर.
• विद्युत मोटारीत वेग कमी होताना परत मिळविल्या जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण.
• गाडीच्या आतील कृत्रिम ध्वनी.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्पोर्ट मोड निवडल्याने इंजिनाची कमाल शक्ती वाढतेच असे नाही. अनेक गाड्यांत पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणारी शक्ती सर्व मोडांत सारखीच असते; अर्धवट दाबल्यावर मिळणारा जोर तेवढा बदलतो. त्यात आवाजाची भर पडल्यामुळे प्रत्यक्षातील फरकापेक्षा अधिक फरक जाणवू शकतो. याला अपवादही आहेत. ह्युंदाई आयोनिक ५ एन या विद्युत मोटारीची शक्ती ४४८ किलोवॉट असून विशेष कळ दाबल्यावर ती १० सेकंदांपुरती ४७८ किलोवॉट होते.

विद्युत मोटारींतील आतील ध्वनी

विद्युत मोटारीत ज्वलन नसल्यामुळे नक्कल करण्याजोगा मूळ आवाज फारसा नसतो. त्यामुळे उत्पादकांनी दोन मार्ग अवलंबिले आहेत. पहिल्या मार्गात पूर्णपणे नवा ध्वनी रचला जातो. बीएमडब्ल्यूने आपल्या विद्युत मोटारींसाठी चित्रपट-संगीतकार हान्स झिमर यांचे सहकार्य घेतले. दुसऱ्या मार्गात जुन्या अनुभवाची नक्कल केली जाते. २०२३ साली सादर झालेल्या आयोनिक ५ एन मध्ये प्रत्यक्षात गिअर बदलणारा गिअरबॉक्स नाही. तरीही आठ गिअर असल्याचा भास निर्माण करणारी व्यवस्था आहे. प्रत्येक काल्पनिक गिअरबदलाच्या वेळी मोटरचा जोर क्षणभर खंडित केला जातो व आवाजाची पट्टी उतरते.

बाहेरील इशाराध्वनी

कमी वेगाने जाणारी विद्युत वा हायब्रिड मोटार जवळजवळ निःशब्द असते. वेग वाढल्यावर टायर आणि वारा यांचा आवाज पुरेसा होतो. परंतु वळण घेताना, मागे येताना, पार्किंगमधून बाहेर पडताना पादचाऱ्याला ती ऐकू येत नाही. रस्ता ओलांडताना सर्वस्वी कानांवर विसंबणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींच्या दृष्टीने हा जीविताचा प्रश्न आहे. अमेरिकेतील दृष्टिहीनांच्या संघटनेने हा प्रश्न सातत्याने मांडला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००९ च्या अभ्यासात असे आढळले, की गाडी मंदावताना, थांबताना, मागे घेताना किंवा पार्किंगमध्ये शिरताना-निघताना पादचाऱ्यास धडक बसण्याची शक्यता सामान्य मोटारींच्या तुलनेत हायब्रिड मोटारींच्या बाबतीत सुमारे दुप्पट होती.

जपानने जानेवारी २०१० मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. अमेरिकेत पादचारी सुरक्षा कायद्यावर ४ जानेवारी २०११ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. संयुक्त राष्ट्रांचे नियमन क्र. १३८ ऑक्टोबर २०१६ मध्ये अमलात आले. युरोपीय संघात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रतिमानांना आणि १ जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या विद्युत व हायब्रिड मोटारींना इशाराध्वनी बंधनकारक झाला.

नियमन क्र. १३८ नुसार हा ध्वनी गाडी हलू लागल्यापासून ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आणि मागे जाताना ऐकू आला पाहिजे. गाडीच्या मध्यरेषेपासून २ मीटर अंतरावर त्याची किमान पातळी ताशी १० किलोमीटर वेगाला ५० डेसिबल, ताशी २० किलोमीटर वेगाला ५६ डेसिबल आणि मागे जाताना ४७ डेसिबल असावी लागते. कमाल मर्यादा ७५ डेसिबल आहे. वेगाबरोबर ध्वनीची पट्टीही चढली पाहिजे. त्यामुळे गाडी जवळ येत आहे एवढेच नव्हे, तर तिचा वेग वाढत आहे की घटत आहे, हेही ऐकणाऱ्याला समजते. सुरुवातीला हा ध्वनी तात्पुरता बंद करणारी कळ ठेवण्यास मुभा होती; नंतरच्या सुधारणेने ती काढून घेण्यात आली.

आवाज निवडण्याचे स्वातंत्र्य चालकास किती असावे, याबाबत नियमांत एकवाक्यता नाही. प्रत्येक पर्याय निकषांत बसत असल्यास संयुक्त राष्ट्रांचे नियमन अनेक पर्याय ठेवू देते. अमेरिकेच्या प्रशासनाने मात्र मालकाला हवा तो इशाराध्वनी निवडू देण्याचा प्रस्ताव जुलै २०२२ मध्ये नाकारला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत टेस्ला कंपनीस अमेरिकेतील ५ लाख ७८ हजारांहून अधिक मोटारींत सुधारणा करावी लागली. या मोटारींच्या बाहेरील स्पीकरवरून चालकाला आपल्या पसंतीचे आवाज वाजविता येत असल्याने इशाराध्वनी झाकला जाण्याचा धोका होता.

भारतातील स्थिती

भारताच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये विद्युत वाहनांसाठी इशाराध्वनी बंधनकारक करणारी मसुदा अधिसूचना प्रसिद्ध केली. तीत प्रवासी व मालवाहू वर्गांतील नव्या प्रतिमानांसाठी १ ऑक्टोबर २०२६, तर आधीपासून उत्पादनात असलेल्या प्रतिमानांसाठी १ ऑक्टोबर २०२७ ही तारीख प्रस्तावित होती. निकष म्हणून एआयएस-१७३ या मानकाचा उल्लेख आहे. एआयएस मानके प्रसिद्ध करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली असून ती पुण्यात आहे. विद्युत दुचाक्या आणि ई-रिक्षा या दोन वर्गांत मोडत नाहीत. गल्लीबोळांतून पादचाऱ्यांच्या अगदी जवळून जाणारी वाहने मात्र बहुधा हीच असतात.

महिंद्रा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विद्युत मोटारींच्या ध्वनिरचनेत संगीतकार ए. आर. रहमान यांचा सहभाग आहे. या मोटारी पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होतात.

आक्षेप आणि मतभेद

आतील कृत्रिम ध्वनीवरील मुख्य आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे. गाडीत जे घडत नाही ते घडत असल्याचे भासविणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. समर्थकांच्या मते चित्रपटाच्या पार्श्वसंगीताप्रमाणे हाही अनुभवाचाच एक भाग असून नको असल्यास अनेक गाड्यांत तो बंद करता येतो. शिवाय गाडीतील आवाज फार कमी झाल्यास चालक आपला वेग प्रत्यक्षाहून कमी समजतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्या दृष्टीने वेगाशी सुसंगत ध्वनी उपयुक्त ठरतो. मात्र मोडनुसार बदलणारा ध्वनी वेगाची चुकीची कल्पनाही देऊ शकतो.

बाहेरील ध्वनीबाबत विद्युत वाहनांमुळे लाभणारी शांतता गमावली जाईल, असा आक्षेप घेतला जातो. यावर वेगाची वरची मर्यादा आणि आवाजाची कमाल पातळी हे नियमांनी दिलेले उत्तर आहे. याउलट, २ मीटर अंतरावरील ५६ डेसिबलचा ध्वनी गजबजलेल्या, हॉर्नने भरलेल्या रस्त्यावर बुडून जाऊ शकतो, ही अडचण शिल्लक राहते. त्यामुळे इशाराध्वनी हे सावध वाहनचालनाला पूरक साधन आहे. पादचाऱ्याकडे लक्ष देण्याची चालकाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.