घरांतील प्रवाळ आणि स्फुरदाचें मोजमाप

इ. स. १८४६ मध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून अ‍ॅना थिन् नांवाच्या एका विदुषीनें कांहीं जिवंत प्रवाळें दगडी बरणींत घालून लंडनला आपल्या घरीं आणिलीं. समुद्र तेथून दूर. पाणी वरचेवर बदलणें शक्य नव्हतें. तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत राहण्याचें काम घरांतील मोलकरणीकडे आलें. पाण्यांत हवा खेळावी एवढाच हेतु. पुढील वर्षीं बाईंनीं पात्रांत समुद्रशेवाळहि ठेविलें आणि प्रवाळें जगलीं. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासांत त्या मोलकरणीच्या हातांस मानाचें स्थान द्यावयास हवें; परंतु तिचें नांव सहसा कोठें आढळत नाहीं.

१८५० त रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलतां तीं जगवितां येतात, हें दाखविलें. १८५३ त लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ त फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथानें तर घरोघरीं समुद्र मांडण्याचें वेडच लाविलें. या साऱ्या मंडळींचें लक्ष मात्र वायूंकडे होतें. प्राणवायु कोण सोडतो व कोण घेतो, हा हिशेब जुळला म्हणजे समतोल साधला, अशी त्यांची समजूत. पाण्यांत विरघळून राहणाऱ्या क्षारांचा जमाखर्च मांडण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. पाणी हिरवें झालें तर दोष बहुधा उन्हावर जाई.

वास्तविक खरा पाहुणा अन्नावाटे आंत येत असे. माशांस घातलेल्या प्रत्येक चिमटीबरोबर स्फुरद पात्रांत शिरतो आणि फॉस्फेटच्या रूपानें पाण्यांत उरतो. समुद्रांत तो दूरवर वाहून जातो. कांचेच्या पेटींतून त्यास वाट नाहीं. त्यावर शेवाळ माजतें व प्रवाळावर पसरतें, हें एक. दुसरें त्याहून सूक्ष्म आहे: प्रवाळाचा सांगाडा ज्या चुन्याच्या स्फटिकांचा बनतो, त्यांच्या वाढीसच फॉस्फेट अडथळा करितें.

हें मोजावयाचें कसें, याचें उत्तर मत्स्यालयवाल्यांनीं नव्हे, तर समुद्राच्या अभ्यासकांनीं दिलें. १९२३ मध्यें प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेंत डब्ल्यू. आर. जी. अ‍ॅटकिन्स यांनीं फ्रेंच रसायनज्ञ देनिजे यांची पद्धति समुद्राच्या पाण्यास लाविली. पाण्यांत आम्लयुक्त मॉलिब्डेट घालावें, नंतर कथिलाच्या एका क्षाराचे थेंब टाकावे. फॉस्फेट असल्यास पाणी निळें होतें, आणि जितकें तें अधिक तितका रंग गडद. हिवाळ्यांत साठलेलें फॉस्फेट वसंतांत सूक्ष्म वनस्पति वाढूं लागल्या कीं कसें उतरतें, हें अ‍ॅटकिन्स यांनीं आंकड्यांनीं सिद्ध केलें. पुढें १९२८-२९ त सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळी ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर वर्षभर राहिली. तेथील पाण्यांत फॉस्फेट अत्यल्प असल्याचें ए. पी. ऑर यांना आढळलें. यंग व निकोल्स यांनीं १९३१ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढें आली: शरीरांत शेवाळपेशी बाळगणारें प्रवाळ भोंवतालच्या पाण्यांतील फॉस्फेट स्वतःच शोषून घेतें. हा निष्कर्ष पुढें प्रवाळ पाळणाऱ्यांनीं लक्षांत ठेविला असता, तर बरीच प्रवाळें वांचलीं असतीं.

१९६२ त लिव्हरपूलच्या मर्फी व रायली यांनीं कथिलाच्या जागीं क जीवनसत्त्व योजून ही कसोटी सोपी व भरंवशाची केली. आज घरोघरच्या कुप्यांत व खिशांत मावणाऱ्या रंगमापकांत मुख्यतः तीच निळी किमया आहे. त्याच सुमारास, १९६१ त, इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील जिवंत खडक पेटींत ठेवून पाणी निर्मळ राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली होती. नंतर जर्मन भाषिक मंडळींनीं फेसावाटे मळ काढणारीं यंत्रें व चुन्याची निवळी यांची जोड दिली.

इतक्यांत १९७९ त किन्सी व डेव्हिस यांनीं, वन ट्री बेटाजवळील एका प्रवाळखडकास नत्र व स्फुरद पुरविल्यावर त्याची चुना बांधण्याची क्रिया निम्म्याहूनहि अधिक मंदावली, असें जाहीर केलें. झालें! फॉस्फेट म्हणजे विष, आणि शून्य आंकडा म्हणजे सिद्धि, असा ग्रह दृढ झाला. आर्सेनिक काढण्यासाठीं जर्मनींत बनविलेले लोखंडी कण स्फुरद शोषण्यासाठीं पेट्यांत आले. पाणी स्फटिकासारखें झालें आणि कित्येक प्रवाळें पांढरीं पडलीं. २०१७ त साउदम्प्टन येथील संशोधकांनीं, फॉस्फेटच्या उपासमारीनेंच प्रवाळ विरंजित होतें, हें दाखविलें. यंग यांचें निरीक्षण तोंवर ८६ वर्षांचें झालें होतें.

शून्य आंकड्यावर विश्वास टाकणें एरव्हींहि धोक्याचें. माजलेलें शेवाळ येणारा सारा स्फुरद गिळीत असेल, तरीहि कुपी निळी होत नाहीं. उलट पेटींतील चुनखडक वर्षानुवर्षें फॉस्फेट धरून ठेवितो; पाणी स्वच्छ करावें, तों दोन दिवसांनीं तो तें परत सोडतो. म्हणून एका मोजणीपेक्षां आठवड्यागणिक लिहिलेली वही अधिक सांगते.

भारतांत हा छंद वेगळ्या मर्यादेंत आहे. मालवणच्या समुद्रांत प्रवाळें आहेत. परंतु २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण आहे, त्यामुळें तीं उचलून घरीं नेणें गुन्हा ठरतो. जेथें छंद चालतो तेथें लिटरमागें ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट बहुधा योग्य मानितात. मात्र कांहीं मापक फॉस्फेट न सांगतां केवळ स्फुरद सांगतात, तोहि अब्जांशांत. त्या आंकड्यास ३.०७ नें गुणून १००० नें भागलें म्हणजे मिलिग्रॅम हातीं येतात. मापकावर १० दिसले, तर पाण्यांत फॉस्फेट ०.०३ आहे.